मैदानाकडे पाठ

आर्वीला मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो, ते वकीलसाहेब गावच्या फुटबॉल क्लबचे अध्यक्ष होते आणि त्यांनी आयुष्यात एकही सामना पाहिलेला नव्हता. गैरहजर राहत असं नाही. उलट सामना असला की सगळ्यांच्या आधी हजर. घरून आणवलेली वेताची खुर्ची मैदानाच्या चुन्याच्या रेघेजवळ ठेवायची, मैदानाकडे पाठ करायची आणि पायऱ्यांवर बसलेल्या लोकांकडे तोंड करून सामना संपेपर्यंत बसून राहायचं. पायऱ्या पश्चिमेला होत्या. उन्हं कलली की सूर्य लोकांच्या डोक्यावरून थेट वकीलसाहेबांच्या डोळ्यांत येई. त्यासाठी छत्री. ती डोक्यावर न धरता ते ढालीसारखी पुढे धरत आणि तिच्या कडेवरून पाहत राहत.

मी तहसील कचेरीत नवा कारकून. अक्षर बरं म्हणून क्लबाचा सहचिटणीस झालो आणि दुसरं कोणी तयार नसे म्हणून लाइनमन. झेंडी घेऊन रेघेवरून पळताना दर वेळी त्यांच्या खुर्चीला वळसा घालावा लागे. एकदा धाडस करून विचारलं की साहेब, एवढं येता, तर तोंड इकडे का करत नाही. ते म्हणाले, "तिकडं पाहाचं काय? सगळे एका चेंडूमागं धावून राह्यले. ते धावतीलच. मी ज्याईले कोणी धाव म्हटलं नाई, त्याईले पाह्यतो."

कोर्टात ते पुस्तकातली मराठी बोलत. बाकी सगळीकडे वऱ्हाडी. लोकांचे चेहरे वाचून त्यांना सामना बरोबर कळे. गोल झाला की आरडाओरडा होतोच, त्यात विशेष नाही. पण गोल हुकला, पंच चुकला, आपला गोलकीपर पुन्हा धोतराचा सोगा सावरल्यासारखा पायात चेंडू अडकवून बसला, हे सगळं ते पाठमोरे बसून सांगत. गोलकीपर हाफपँट घालायचा, पण सवय धोतराची, त्यामुळे वकीलसाहेबांचं निदान चुकत नसे.

घरमालक म्हणूनही त्यांची तऱ्हा निराळी. पहिल्याच पावसाळ्यात माझ्या खोलीच्या छपराची कवेलू गळायला लागली. मी सांगायला गेलो तर म्हणाले, उद्या सकाळी बाजू मांडा. दुसऱ्या दिवशी ओट्यावर सतरंजी टाकून ते न्यायाधीश झाले. मी म्हटलं, पाणी गळतं. ते म्हणाले, पुरावा? मी ओली उशी आणून दाखवली. मग त्यांनी घरमालकाची बाजू मांडली आणि ती इतकी चोख मांडली की छत गळतं हा माझाच अपराध वाटू लागला. मी उशी उचलून निघालो. तेव्हा चिडून ते माझ्या बाजूने उभे राहिले, स्वतःच्या एकेका मुद्द्याची चिरफाड केली, आणि शेवटी स्वतःविरुद्ध निकाल दिला. संध्याकाळी कवेलू फेरणारा माणूस छतावर होता. मला मात्र पुढे आठवडाभर ऐकावं लागलं की सरकारी नोकरीत असूनही मला साधा अर्ज करता येत नाही.

कुठल्याही गोष्टीला लगेच हो किंवा नाही म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटे. वकीलीणबाईंनी भाजी काय करू विचारलं तरी "तारीख देतो" म्हणत. बाई त्यांची तारीख न घेता वांगी चिरायला बसत.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. चारचौघांत उच्चारायचं नाही असं, पण ते चारचौघांतच उच्चारत. "माणूस तोंडानं खोटं बोलते. बुडानं बोलत नाई." म्हणजे कोण कुठे बसतो, कोणाजवळ बसतो, कोणापासून किती अंतरावर बसतो, ते बघावं, बाकी साक्षीपुराव्याची गरज नाही. लग्नाच्या पंगतीत बसून ते कोणत्या भावाभावांत वाटणीचा दावा होणार हे सांगत, आणि पुष्कळदा तो दावा त्यांच्याकडेच येई.

आता त्या मैदानाविषयी सांगायला हवं. आम्ही त्याला स्टेडियम म्हणत असू. होत्या फक्त दगडी पायऱ्या, त्याही एकाच बाजूला. एका कापसाच्या जिनवाल्या शेटजींनी वडिलांच्या नावाने बांधून दिलेल्या. कापसाचा हंगाम चढला की उत्तरेच्या मोकळ्या जागेत बैलबंड्या उभ्या राहत आणि गाडीवान कापसाच्या ढिगावर पालथे पडून सामना बघत. दक्षिणेला रस्ता. आणि पूर्वेला पलीकडच्या शेताचा धुरा, म्हणजे बांध. त्यावर दोन बाभळी. त्या धुऱ्यावर महारवाड्यातली माणसं उभी राहून सामना पाहत. असं कोणी ठरवलं होतं, कधी ठरवलं होतं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. ठरलेलं होतं एवढं खरं. संध्याकाळचं ऊन त्यांच्याही तोंडावर येई. डोळ्यांवर आडवा हात धरलेली ती रांग लाइनवरून मला रोज दिसे.

आमच्या टीममधला सगळ्यात चांगला खेळाडू त्याच वस्तीतला. दौलत त्याचं नाव. डावीकडून पळायचा, अनवाणी, आणि पुलगावच्या बूटवाल्यांनाही सापडायचा नाही. त्याचे वडील सुदामजी जिनाच्या प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधायचे. दौलतकडे चेंडू गेला की धुऱ्यावरून एक मोठी आरोळी उठे, आणि त्या आरोळीत सुदामजींचा आवाज वेगळा ओळखू येई. दौलत पायऱ्यांवरच्या लोकांचाही लाडका होता. गोल केला की त्याला उचलून घेत. खाली ठेवल्यावर तो घरी जाई आणि उचलणारे आपापल्या विहिरीवर जाऊन पाय धूत, काही जण अंघोळही करत. हे मी दोषारोप म्हणून सांगत नाही. तेव्हा तसं होतं, आणि आपण काही वावगं करतो आहोत असं त्यांतल्या कोणाला वाटलेलं मी पाहिलं नाही.

छप्पन सालच्या दसऱ्याला वस्तीतली माणसं नागपूरला गेली आणि दीक्षा घेऊन आली. पांढऱ्या कपड्यांत गेली होती, पांढऱ्या कपड्यांत परतली. गावात थोडी कुजबुज झाली. मेलेली गुरं ओढायला आता कोणी येईना, तेव्हा कुजबुज थोडी वाढली. मग कापसाचा हंगाम आला आणि लोक कामाला लागले. हिवाळ्यात फुटबॉल सुरू झाला.

पहिल्याच सामन्यात देवळीच्या टीमवर दौलतने गोल केला. पायऱ्या उठून ओरडल्या. वकीलसाहेब मात्र छत्री मिटून एकदम मागे वळले. इतक्या वर्षांत त्यांना मागे वळलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "मागून आवाज काऊन नाई आला?"

मी धुऱ्याकडे पाहिलं. तिथे कोणीच नव्हतं. नुसत्या दोन बाभळी.

तसं ते पुढच्याही सामन्याला राहिलं. कोणी बोलावलं नव्हतं तसं कोणी हटकलंही नव्हतं. ती माणसं यायची थांबली एवढंच. दौलत खेळायला येई, खेळून जाई. मग एका स्पर्धेचा अंतिम सामना ठरला, पुलगावशी, आणि दौलतने कप्तानाला सांगितलं की माझा बाप पायऱ्यांवर बसून पाहणार असेल तर मी खेळीन, नाहीतर नाही. धुऱ्यावर आता आमच्यातलं कोणी उभं राहणार नाही.

क्लबाचे चिटणीस म्हणजे गावातल्या शाळेचे हेडमास्तर. सज्जन माणूस, कोणाला दुखवायचं नाही हे त्यांचं व्रत. त्यांनी तातडीने सभा बोलावली आणि ठराव मांडला की स्टेडियम वाढवावं. पूर्वेचा धुरा फोडून तिथे पक्क्या पायऱ्या बांधाव्या. शेतमालक जागा द्यायला राजी आहेत, शेटजी दगड द्यायला राजी आहेत. "त्या मंडळींचीही सोय होईल," हेडमास्तर म्हणाले, "आणि पायऱ्या आपल्यापेक्षा रुंद करू. म्हणजे कोणी म्हणायला नको." सभेला फार बरं वाटलं. अवघड प्रश्न होता, दगडचुन्याने सुटत होता. क्लबाची प्रगती दिसणार होती ती वेगळीच. दौलतने यंदा खेळून घ्यावं, पुढच्या वर्षी त्याच्या वडिलांना पायऱ्या तयार, असं त्याला कळवायचं ठरत आलं.

वकीलसाहेबांनी विचारलं, वाढवायचं कशासाठी. हेडमास्तर म्हणाले, आहेत त्या पायऱ्या भरलेल्या असतात, जागाच नाही. त्यावर वकीलसाहेब कोर्टातल्या मराठीत बोलले, म्हणजे त्यांना राग आला होता.

"मी इतकी वर्षं त्या पायऱ्यांसमोर बसतो आहे. पायऱ्या भरलेल्या नसतात. माणसं पसरलेली असतात. जागा कमी आहे म्हणून तुम्ही स्टेडियम वाढवत नाही, गुरुजी. जवळ बसावं लागू नये म्हणून वाढवता."

मग कोणीतरी म्हणालं की अध्यक्षांनी मैदान कधी पाहिलंच नाही, त्यांना काय कळणार, आणि लोक हसले. मतं घेतली असती तर ठराव तेव्हाच पास झाला असता. वकीलसाहेबांनी तारीख दिली: निर्णय अंतिम सामन्यानंतर.

मी हे लिहितोय त्यावरून वकीलसाहेब कोणी सुधारक होते असं वाटेल. ते तसे नव्हते. त्यांना विरोध करायला आवडे आणि सगळी सभा एका बाजूला असली की त्यांना दुसरी बाजू मोकळी दिसे. तत्त्व किती आणि हट्ट किती, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं, आजही येत नाही. त्यांच्या ओट्याच्या कोनाड्यात एक कानतुटका कप असे. काही विशिष्ट अशिलांना चहा त्या कपातून मिळे, आणि तो धुऊन ठेवण्याचं काम अशिलाचं असे. तो कप वकीलसाहेबांना रोज दिसत होता.

सभेच्या दुसऱ्या दिवशी दौलत ओट्यावर आला. वकीलसाहेबांनीच बोलावलं होतं. मी बाजूला बसून क्लबाची कागदपत्रं लावत होतो. वकीलसाहेबांनी सभेत काय झालं ते सांगितलं आणि आपण त्याच्या बाजूने भांडलो हेही सांगितलं, जरा कौतुकाची वाट पाहत. आतून चहा आला. आम्हा दोघांना कपबशीतून, दौलतला कोनाड्यातल्या कपातून. दौलतने कप खाली ठेवला.

"साहेब, तुमी म्हंता मी खेळ नाई पाह्यत, लोकाईले पाह्यतो," तो म्हणाला. "आमी बी लोकच हावो ना. माह्या बापानं इतके वर्षं धुऱ्यावरून काय पाह्यलं, माहीत हाये? तुमची पाठ."

तो काही चिडून बोलला नव्हता. पेनल्टी मारताना तो जसा शांत असे तसाच होता. नमस्कार करून तो निघून गेला. चहा तसाच.

वकीलसाहेबांकडे बाजू नव्हती, आणि बाजू नसलेले ते मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला त्यांची कीव आली. मग त्यांनी तो कानतुटका कप उचलला आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला. आतून वकीलीणबाईंनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवऱ्याला नेहमीच्या कपबशीत चहा दिला तेव्हा वकीलसाहेबांनी तो परत पाठवला आणि कोनाड्याकडे बोट दाखवलं. पुढे मी त्या घरात राहिलो तोवर वकीलसाहेब त्याच कपातून चहा पीत. कान नसल्यामुळे बोटं भाजत. अशिलांना मग घरात जो हाती येईल तो कप मिळू लागला. बाईंचा नाइलाज होता.

अंतिम सामन्याला झाडून सारं गाव लोटलं. पुलगावहून छोट्या रेल्वेगाडीने माणसं आली होती, बंड्यांवरही दाटी होती. फक्त धुरा रिकामा. दौलत मैदानाच्या कडेला घोट्याला पट्टी बांधत बसला होता, आणि ती पट्टी काही केल्या बांधून होत नव्हती. कप्तान हेडमास्तरांकडे बघत होता, हेडमास्तर घड्याळाकडे.

सुदामजी आले ते रस्त्याच्या बाजूने. पांढरा सदरा, पांढरं धोतर, हातात फुटाण्याची पुडी. एकटेच. पायऱ्यांच्या पायथ्याशी येऊन ते थांबले आणि बसायला जागा कुठे आहे ते पाहू लागले, कोणीही पाहतो तसं. कोणी त्यांना बसू नका म्हटलं नाही. पण ते पाहतील तिथे काहीतरी ठेवलं जाऊ लागलं. कोणी शेजारी छत्री ठेवली, कोणी टोपी काढून ठेवली, कोणी दुपट्टा पसरला. एक जण म्हणाला, इथे आमचे मेव्हणे येऊन राह्यले. त्या दिवशी आर्वीत फार मेव्हणे यायचे होते.

वकीलसाहेब समोरच्या खुर्चीवरून हे सगळं पाहत होते. ते उठले आणि त्यांनी आपली खुर्ची सुदामजींपुढे केली. बसा म्हणाले. सगळ्यांचा श्वास जरा मोकळा झाला. खुर्ची म्हणजे मान होता आणि ती पायऱ्यांपासून दूरही होती.

सुदामजींनी खुर्चीकडे पाहिलं. "खुर्ची नको, साहेब," ते म्हणाले. "तिच्यावरून खेळ दिसत नाई. मले माह्या पोराचा खेळ पाहाचा हाये."

वकीलसाहेबांना हे पटलं. पुरावा बिनतोड होता. त्यांनी छत्री मिटली, खुर्ची तिथेच सोडली आणि ते पायऱ्या चढू लागले. अध्यक्ष येत आहेत म्हटल्यावर दुसऱ्या पायरीवरची मंडळी लगबगीने सरकली. छत्र्या उचलल्या गेल्या, टोप्या डोक्यावर गेल्या, मेव्हण्यांची जागा मोकळी झाली. एका माणसाला लागते त्याच्या तिप्पट जागा वकीलसाहेबांसाठी निघाली. ते तिच्या एका टोकाला बसले आणि उरलेल्या दगडावर त्यांनी तळहाताने धूळ झटकली.

"या," ते म्हणाले. "जागा निघाली."

सुदामजी येऊन बसले. त्यांच्या पलीकडे बसलेला सोनाराचा मुलगा उठू की नको अशा विचारात अर्धवट उठला, वकीलसाहेबांनी त्याच्याकडे मान वळवून पाहिलं, आणि तो पुन्हा बसला. खाली दौलतची पट्टी एकदाची बांधून झाली.

सामना सुरू झाला. वकीलसाहेब आयुष्यात पहिल्यांदा फुटबॉल पाहत होते, तेही पाठीवर ऊन घेऊन, छत्रीशिवाय. मी झेंडी घेऊन पायऱ्यांच्या बाजूला होतो, त्यामुळे त्यांनी शेजारी वाकून काय विचारलं ते मला ऐकू आलं.

"यातले आपले कोणते?"

सुदामजींनी फुटाण्याची पुडी त्यांच्यापुढे धरली. "ते लाल बनेनवाले," ते म्हणाले. "ते आपले."

वकीलसाहेबांनी मूठभर फुटाणे घेतले आणि लाल बनेनवाल्यांकडे पाहत ते खाल्ले.

आम्ही हरलो. दौलतने गोल केला, पण पुलगावने त्याहून जास्त केले. दौलतच्या गोलला सुदामजी ओरडले तो आवाज पहिल्यांदाच पायऱ्यांवरून आला, आणि मला वाटतं आजूबाजूची माणसं त्या आवाजाने दचकली. इतक्या जवळून तो कोणी ऐकला नव्हता. मला त्या क्षणी फार आनंद झाला होता. लाइनमनने आनंद दाखवायचा नसतो म्हणून मी झेंडी घट्ट धरून उभा राहिलो.

काही लोक म्हणाले की हे असलं केलं म्हणून हरलो. पुढच्या सामन्याला वस्तीतली आणखी माणसं आली आणि पायऱ्यांवर बसली. वकीलसाहेबांना मी विचारलं, आता तुम्हीही खेळ बघणार ना. ते म्हणाले, एकदा पाहिला, बरा असतो. त्यांनी खुर्ची पुन्हा मांडली, पण जुन्या जागी नाही. मैदानाच्या कोपऱ्यात, तिरकी. तिथून पायऱ्या दिसत आणि धुराही दिसे. दोन्हीकडे बघून त्यांची मान आखडे आणि घरी वकीलीणबाईंना तेल गरम करावं लागे. कोणाकडे पाठ नको, म्हणून एवढा खटाटोप.

त्या कोपऱ्यातून त्यांना एक नवी गोष्ट दिसली. पायऱ्यांवर शेजारी कोण येऊन बसेल याची खात्री राहिली नाही, तेव्हा गावातली काही प्रतिष्ठित मंडळी पायऱ्या सोडून निघाली. सामना तर पाहायचा होता. बंड्यांवर कापूस, रस्त्यावर धूळ. ती मंडळी हळूहळू पूर्वेला गेली आणि धुऱ्यावर, बाभळींखाली उभी राहिली. तिकडे हवा चांगली असते असं हेडमास्तर म्हणाले. तेही तिथेच उभे असत. संध्याकाळी ऊन तोंडावर आलं की सगळे डोळ्यांवर आडवा हात धरून सामना पाहत.

हंगाम संपल्यावर क्लबाची सभा वकीलसाहेबांच्या ओट्यावर भरली. कमिटीत आता सुदामजीही होते. दौलतच्या टीमनेच त्यांचं नाव सुचवलं होतं आणि नाही म्हणायची वेळ टळून गेली होती. सतरंजीवर सगळे बसले, कोणी जवळ, कोणी जरा अंतर राखून. वकीलसाहेबांनी कानतुटक्या कपातला चहा संपवला आणि स्वतःच ठराव मांडला की स्टेडियम वाढवावं. पूर्वेच्या धुऱ्यावर पक्क्या पायऱ्या बांधाव्या आणि वर टिनाचं छप्पर घालावं. त्या मंडळींना ऊन फार लागतं.

हेडमास्तरांचा चेहरा लाल झाला. त्याची काही आवश्यकता नाही, ते म्हणाले; आहे ती जागा पुरेशी आहे. वकीलसाहेब ऐकेनात. त्यांनी उन्हाचे मुद्दे मांडले, डोळ्यांचे मांडले, गावच्या अब्रूचे मांडले, आणि प्रत्येक मुद्द्याला हेडमास्तरांकडे वळून अदबीने मान लववली. ते मनापासून मजा घेत होते. मलाही हसू येत होतं, आणि हेडमास्तरांबद्दल वाईटही वाटत होतं.

मग अध्यक्षांनी सुदामजींना मत विचारलं. सुदामजींनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तर सतरंजीच्या अगदी कडेला, अर्धे ओट्याच्या दगडावर बसले होते.

"बांधाचं कायले, साहेब?" सुदामजी म्हणाले. "त्याईले म्हणा, इकडंच या. आमी सरकतो थोडे."

आणि ते सतरंजीवर खरोखरच सरकले. हेडमास्तरांच्या बाजूला एका माणसाची जागा झाली. हेडमास्तर तिच्याकडे बघत राहिले. वकीलसाहेबांनी नेहमीसारखी तारीख दिली नाही. ठराव मागे घेतो, म्हणाले. त्यांनी आयुष्यात मागे घेतलेला तो एकच ठराव मला ठाऊक आहे.